मदत हवी आहे: उमेदवाराचे लागेबांधे नेमके कसे तपासायचे?

आमच्या मतदारसंघातल्या एका उमेदवाराची कडवी भाषणं आणि त्याच्यासोबत दिसणारी माणसं, दोन्हींची काळजी वाटते. उमेदवारी अर्जासोबत द्यायच्या नमुना २६ च्या प्रतिज्ञापत्रात खटले, मालमत्ता, देणी, शिक्षण, उत्पन्न कळतं. तो कोणत्या संघटनांशी जोडलेला आहे हा रकानाच नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ (जुन्या भारतीय दंड संहितेतलं १५३अ, गटांमध्ये द्वेष पसरवणं) खटल्यांत आहे का, ते मी आधी बघते.

व्यासपीठावरच्या एका फोटोला मी पुरावा मानत नाही. पद, देणगी, वारंवार एकत्र सभा हे खरं नातं. त्यासाठी धर्मादाय आयुक्तांकडच्या (जिथे न्यास-संस्थांची नोंदणी होते) नोंदींतून संस्थांच्या विश्वस्तांची नावं कशी काढायची? आणि कापलेल्या चित्रफितीमागचं पूर्ण भाषण कुठे शोधायचं? कृपया पायऱ्या सांगा, मतदानाआधी हवं आहे.