मदत हवी आहे: चिलरच्या पाटीवर ३०,००० फ्रिगोरी लिहिलंय, म्हणजे नक्की किती टन?

नमस्कार मंडळी,

आमची दिंडोरी तालुक्यात छोटी वायनरी आहे, ५,००० लिटरचे चार टँक, बाग बाबा बघतात आणि आतलं सगळं माझ्याकडे. मागच्या पावसाळ्यात एक जुना इटालियन ग्लायकॉल चिलर (ग्लायकॉल मिसळलेलं पाणी थंड करून टँकभोवती फिरवणारं मशीन) घेतला, मशीन धडधाकट वाटलं पण सोबत कागद एकही आला नाही. फक्त एक पितळी पाटी आहे, तेलानं काळी पडलेली, रॉकेलच्या बोळ्यानं पुसली तेव्हा कुठे अक्षरं दिसली, ३०.००० आणि पुढे 'फ्रिग/एच', म्हणजे तासाला फ्रिगोरी. हजारानंतर स्वल्पविराम नाही, टिंब आहे, त्यामुळे आधी मला ते नुसतं तीसच वाटलं, मग कळलं की इटलीत हजार असेच लिहितात.

सातपूरहून एसीचा मेकॅनिक बोलावला. त्याने ३०,००० ला १२,००० ने भागलं आणि म्हणाला हा अडीच टनाचा आहे, तुमच्या टँकला पुरणार नाही, दुसरा दहा टनाचा घ्या. नेटवर बघितलं तर फ्रिगोरी म्हणजे काढून घेतलेली एक किलोकॅलरी असं दिसतं, पण वॅटमध्ये आणायला गेले तर एका ठिकाणी ३४.८९ किलोवॅट येतं आणि दुसऱ्या ठिकाणी ३४.८७. आता यातलं खरं काय?

माझी गरज अशी आहे की शेनिन द्राक्षांचा ज्यूस प्रेसमधून २८ अंशाला येतो, तो रात्रीत सहा तासांत १४ वर आणायचाय. पाण्यासारखाच धरला तर ५,००० गुणिले १४ म्हणजे ७०,००० किलोकॅलरी, सहा तासांनी भागलं की तासाला ११,६६७. अडीच टन असेल तर खरंच पुरत नाही, नऊ तासांच्या वर जातात. जानेवारीअखेर तोडणी सुरू होते आणि दुसरं मशीन घ्यायचं तर पैसे आत्ताच उभे करावे लागतील, म्हणून घाई आहे. प्लीज कुणीतरी नीट सांगा.

प्रतिसाद (रेफ्रिजरेशनचं काम, अंबड):

ताई, दुसऱ्या मशीनचा ॲडव्हान्स अजिबात देऊ नका. एका टनाला तासाला १२,००० हा आकडा बीटीयूचा, म्हणजे उष्णतेच्या इंग्रजी एककाचा आहे आणि तुमची पाटी किलोकॅलरीत आहे. एक बीटीयू म्हणजे फक्त ०.२५२ किलोकॅलरी, म्हणजे मेकॅनिकने तुमचं मशीन जवळपास चारपट लहान केलं. किलोकॅलरी प्रति तास असेल तर ३,०२४ ने भागायचं. हा आकडा पाठ करण्यापेक्षा कुठून येतो ते बघा, टन म्हणजे अमेरिकन टनभर बर्फ, ९०७ किलो, चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढी, किलोमागं ८० किलोकॅलरी, गुणा आणि २४ ने भागा, ३,०२४ च्या आसपासच येतं. तुमचं उत्तर ९.९ टन.

३४.८९ आणि ३४.८७ चं म्हणाल तर कॅलरीच दोन आहेत. वाफेच्या तक्त्यांची ४.१८६८ जूलची, जी १९५६ साली ठरली, आणि रसायनवाल्यांची ४.१८४ ची. पहिली घेतली की १ किलोकॅलरी प्रति तास बरोबर १.१६३ वॅट होते, आमच्या कामात तीच चालते. फरक हजारात एकाहूनही कमी आहे, तो सोडून द्या.

खात्री करायची असेल तर कॉम्प्रेसरच्या मोटरची पाटी बघा. अडीच टनाला तीन-चार एचपी पुरे असतात.

धागाकर्ती:

आत्ता टॉर्च घेऊन बघून आले, मोटर ११ किलोवॅट, म्हणजे १५ एचपी!! खूप खूप धन्यवाद दादा, हे आधी सुचायला हवं होतं.

प्रतिसाद (डेअरीत मेंटेनन्स, सिन्नर):

वरचं सगळं बरोबर, पण पाटीवरचे पूर्ण ३०,००० मिळतील असं धरू नका. तो आकडा ठरावीक तापमानाचा असतो, ग्लायकॉल जितका थंड मागाल तितकी क्षमता उतरते आणि मार्चमध्ये दुपारी कंडेन्सरला गरम हवा मिळाली की आणखी उतरते. प्रत्यक्ष मोजा, सोपं आहे. रिटर्नचा पाईप २०० लिटरच्या ड्रममध्ये सोडा, किती वेळात भरतो ते घड्याळावर बघा, आणि जाताना-येताना तापमान घ्या. तासाचे लिटर गुणिले अंशांचा फरक, आणि तीस टक्के ग्लायकॉल असेल तर गुणिले साधारण ०.९५, झाली किलोकॅलरी प्रति तास. किलोकॅलरीची हीच गंमत आहे, लिटरभर पाणी एक अंश म्हणजे एक, वॅटमध्ये असं डोक्यात होत नाही.

आणि फर्मेंटेशनची उष्णता विसरू नका. ग्रॅमभर साखरेमागं साधारण ०.१३ किलोकॅलरी सुटते, लिटरला २२० ग्रॅम धरली तर एका टँकमध्ये दीड लाखाच्या आत-बाहेर. ऐकायला मोठं वाटतं पण ती दोन आठवड्यांत पसरते, तासाला सरासरी सव्वाचारशे, जोरात असेल तेव्हा दोन-तीनपट धरा. खरा भार पहिल्या रात्रीचाच.

धागाकर्ती:

काल दुपारी मोजलं, बाबा ड्रमजवळ आणि मी थर्मामीटर धरून. ड्रम बरोबर दोन मिनिटांत भरला म्हणजे तासाला ६,००० लिटर, येताना ९.८, जाताना ५.६, फरक ४.२. गुणून २३,९४० किलोकॅलरी प्रति तास, ७.९ टन, २७.८ किलोवॅट. या हिशोबाने एक टँक तीन तासांत उतरतो, रात्रीत दोन होतील. आम्ही ऊन असताना मोजलं, रात्री हवा थंड असेल, पण ग्लायकॉल अजून खाली न्यायचा असल्याने तेवढेच धरून चालले आहे.

दुसऱ्या मशीनवाल्याला नको म्हणून कळवलं. मात्र चिलर थंडी देईल आणि टँकचं जॅकेट (ग्लायकॉल फिरतो ते टँकभोवतीचं आवरण) ती घेईल का हे राहिलंच आहे, जॅकेट अर्ध्या उंचीपर्यंतच आहे. उद्या टेप लावून क्षेत्रफळ मोजते आणि आकडे इथेच टाकते, सिन्नरचे दादा, तेवढं एकदा बघाल का?