गजकर्णावर मध आणि प्रोपोलिस: कुणी खरंच वापरून पाहिलंय का?

नमस्कार मंडळी,

जांघेतलं गजकर्ण गेले सात महिने माझ्याकडे पाहुणचार झोडतंय. ओळखीतल्या एकाने सुचवलेलं मलम लावलं की तीन दिवसांत खाज गायब, आठवड्यात चट्टा फिका. थांबवलं की पंधरा दिवसांत पुन्हा हजर, आणि दर खेपेला आधीपेक्षा मोठं. सुरुवातीला छान गोल कडा होती, आता नुसताच लालसर पसारा आहे.

माझी मावसबहीण मधमाश्या पाळते. तिने मध, मेण आणि प्रोपोलिसचा अल्कोहोलमधला अर्क असं सगळंच पाठवलंय. (प्रोपोलिस म्हणजे माश्या झाडांच्या कळ्यांवरची राळ आणून, तिच्यात मेण कालवून पोळ्यातल्या फटी लिंपतात, तो चिकट पदार्थ.) शोधाशोध करताना २००४ सालचा एक छोटा अभ्यास सापडला. मध, ऑलिव्ह तेल आणि मेण समप्रमाणात मिसळून दिवसातून तीनदा, जास्तीत जास्त चार आठवडे लावलं होतं. एकूण ३७ रुग्ण. जांघेतलं गजकर्ण असलेल्यांपैकी ७८ टक्के आणि अंगावरचं असलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांना गुण आला. शिब्यांवर तर ८६ टक्के!

तर प्रश्न असे. हे मिश्रण घरी करून लावावं का? मध चांगला की प्रोपोलिस? आणि मलम चालू ठेवून वरून हे लावलं तर चालेल का? स्वतः वापरलेल्यांनी लिहा. "निसर्गात सगळ्यावर औषध असतं" छापाचे प्रतिसाद घरच्यांकडून भरपूर मिळालेत.

प्रतिसाद १

मी मधमाश्यांच्या पेट्या ठेवतो, त्यामुळे मधाची बाजू घ्यायला हवी. गजकर्ण बुरशीमुळे होतं, आणि मधाला बुरशी लागत नाही म्हणून तो त्यावर चालेल असं अनेकांना वाटतं. पण ते अर्धंच खरं. मधातलं पाणी वीस टक्क्यांच्या वर गेलं की तो आंबतो, आणि आंबवणारं यीस्ट ही बुरशीच. खुद्द माश्यांच्या अळ्यांनाही बुरशीचा रोग होतो, अळी खडूच्या तुकड्यासारखी पांढरी कडक होते. गंमत म्हणजे तो रोग शिरला की माश्या राळ जास्त आणायला लागतात. म्हणजे या कामासाठी त्यांचा भरवसा मधापेक्षा राळेवर दिसतो.

मधाचा गुण बराचसा साखर, आंबटपणा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचा. हे पेरॉक्साइड मधात पाणी मिसळलं की एका विकरामुळे (एन्झाइममुळे) हळूहळू तयार होतं. मिश्रण करताना मध तापवलात तर ते विकरच मरतं. न्यूझीलंडच्या मानुका झुडपाच्या मधाचं वेगळं, त्यात मिथाइलग्लायॉक्सल हा जंतू मारणारा पदार्थ असतो आणि तो पेरॉक्साइडवर अवलंबून नाही.

प्रोपोलिसचं तर विचारूच नका. पॉप्लर झाडाच्या राळेचं वेगळं, ब्राझीलचं हिरवं वेगळं. तुमच्या बहिणीच्या पेटीतलं कशाचं आहे, हे तिलाही सांगता येणार नाही.

प्रतिसाद २

अल्कोहोलचा अर्क, खाजवून सोललेल्या जांघेत? लावा आणि किती उंच उडालात ते इथे कळवा.

थट्टा बाजूला. मी प्रोपोलिसचं मलम मानेवर लावलं होतं. चौथ्या दिवशी मान लाल, पाणी भरलेले बारीक फोड. ॲलर्जी निघाली. प्रोपोलिसची अशी ॲलर्जी बऱ्याच जणांना होते, पेट्या हाताळणाऱ्यांनाही. नैसर्गिक आहे म्हणून मी चाचणी न करताच थापलं होतं.

प्रतिसाद ३

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. मधापेक्षा मला तुमच्या मलमात जास्त रस आहे. नळीवर बारीक अक्षरांत क्लोबेटासोल, बीटामेथासोन असं काही लिहिलंय का बघा. ही स्टिरॉइडं. लाली आणि खाज दाबतात, पण बुरशीशी लढणारी त्वचेची प्रतिकारशक्तीही दाबतात. तीन दिवसांत आराम, बंद केलं की दुप्पट, आणि कडा पुसट होणं: तुम्ही लिहिलंय ते अगदी तसंच आहे. जांघेत ती फार दिवस लावली तर त्वचा पातळ होऊन कायमचे पट्टे पडतात.

तो अभ्यास मलाही माहीत आहे. त्यात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. प्रयोगशाळेत गजकर्णाच्या बुरशीवर मध आणि प्रोपोलिस दोन्ही चालतात हे खरं, पण काचेच्या बशीत बुरशी उघडी असते. मांडीच्या घडीत घाम असतो, कपडा घासतो. सात महिन्यांच्या, स्टिरॉइडवर पोसलेल्या संसर्गाला मी मध देणार नाही. त्वचेची खरवड घेऊन केओएच तपासणी (पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी बघतात ती) करून घ्या. टर्बिनाफिन या नेहमीच्या बुरशीविरोधी औषधाला दाद न देणारी बुरशी आता दिसते, त्यामुळे गोळी कोणती आणि किती दिवस हे ठरवणं अंदाजाचं काम राहिलेलं नाही. बुरशीविरोधी मलम मिळालं की चट्ट्याच्या दोन सेंटिमीटर बाहेरपर्यंत लावा आणि त्वचा स्वच्छ दिसायला लागल्यावरही सांगितलेले दिवस पुरे करा. स्टिरॉइड बंद केल्यावर काही दिवस खाज उसळेल, तेव्हा पुन्हा त्या नळीकडे वळू नका. घरात आणखी कुणाला आहे का, तेही बघा.

धागाकर्ता

नळी पाहिली. क्लोबेटासोलच आहे, आणि त्याच्या शेजारी आणखी दोन नावं. सात महिने मी हे दिवसातून दोनदा चोळत होतो. टॉवेलही धाकट्या भावाबरोबर एकच, आणि कालच कळलं की तोही गुपचूप खाजवतोय. गुरुवारी दोघंही जातोय. अर्क बहिणीला परत, मध स्वयंपाकघरात.

खरवड घेताना दुखतं का हो?

प्रतिसाद ३

नाही. बोथट पात्याने कडेचा कोंडा काढतात, मिनिटाचं काम. फक्त त्या दिवशी तिथे काहीही लावून जाऊ नका. मधसुद्धा नाही.