कधीमधी सर्किट बोर्ड (पीसीबी) करणाऱ्याने आराखड्यासाठी कुठलं सॉफ्टवेअर धरावं?

सराफ्यातला_सोल्डर (इंदूर):
वर्षातून दोन-तीनच बोर्ड करत असाल तरी किकॅडच शिका, असं माझं मत. ऑटोडेस्क कंपनीने आपल्या ईगल या अशाच सॉफ्टवेअरची अखेरची तारीख ७ जून २०२६ जाहीर केली, तेव्हा त्यात आता नव्याने शिरायला नको. किकॅड फुकट आहे, फाइली आपल्याच संगणकावर साध्या मजकुरात राहतात, नेट गेलं तरी काम अडत नाही.

मल्हारगंजकर:
दादा, दर वेळी किकॅड उघडलं की निम्मं विसरलेलं असतं, त्याचं काय? आकृतीतलं चिन्ह एकीकडे, फुटप्रिंट (बोर्डावरचा भागाच्या पायांचा ठसा) दुसरीकडे, दोघांची जोडी आपणच लावायची. ईझीईडीए हे दुसरं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये उघडतं. एलसीएससी या चिनी ऑनलाइन दुकानाचा भाग शोधला की चिन्ह आणि फुटप्रिंट एकत्रच येतात. पाच-सहा भागांच्या रिले (विजेवर चालणारा स्विच) बोर्डाला आणखी काय लागतं?

सराफ्यातला_सोल्डर:
तिथले बरेच फुटप्रिंट वापरणाऱ्यांनीच टाकलेले असतात, तपासल्याशिवाय भरवसा नाही. आणि तो भाग एलसीएससीचा, तुम्ही आणणार इथल्या जेल रोडवरच्या दुकानातून! बीसी५४७ ट्रान्झिस्टरचे पाय सपाट बाजू समोर धरून डावीकडून सी-बी-ई (कलेक्टर-बेस-एमिटर). त्याऐवजी पीएन२२२२ मिळाला तर ई-बी-सी. बोर्ड तयार, ट्रान्झिस्टर उलटा. त्यामुळे सॉफ्टवेअर कुठलंही असो, १:१ प्रिंट काढायची, कागदाला टाचणीने भोकं पाडून खरे भाग बसवून बघायचे.

मल्हारगंजकर:
कागदाची चाचणी मान्य. पण मग किकॅडचा फायदा कुठे उरला? तिथेही टीओ-९२ चा (अशा ट्रान्झिस्टरच्या आवरणाचा) साधा ‘इनलाइन’ फुटप्रिंट घेतला की पायांत १.२७ मिमी अंतर, हाताने सोल्डर करताना हमखास पूल होऊन शेजारचे पाय जोडले जातात. ‘वाइड’ म्हणजे २.५४ मिमीचा घ्यायचा, हे नवशिक्याला कोण सांगणार? वर ईआरसी (आकृतीतल्या जोडणीची तपासणी) ओरडतं की पॉवर पिनला पुरवठाच नाही.

सराफ्यातला_सोल्डर:
ती चूक नव्हे. कनेक्टरच्या पिना त्याच्या लेखी पॅसिव्ह (ना वीज देणाऱ्या, ना घेणाऱ्या), म्हणून वीज कुठून येते ते त्याला कळत नाही. पाच व्होल्टच्या आणि ग्राउंडच्या तारेवर ‘इथे वीज येते’ असं सांगणारं पीडब्ल्यूआर_फ्लॅग हे चिन्ह एकेक ठेवा, गप्प बसतं.

तांब्याची_रेघ (बडोदा):
दोघेही चीनमधून बोर्ड मागवायचं धरून बोलताय. नगभर बोर्डाला कुरिअर आणि सीमाशुल्क बोर्डापेक्षा जड. घरी लेझर प्रिंटचा टोनर इस्त्रीने तांब्यावर उतरवून नको तो तांबा फेरिक क्लोराइडमध्ये विरघळवणाऱ्याला किकॅड सोयीचं. आधी नियम बदला: रेघ ०.८ मिमी, अंतर ०.५ मिमी. मूळचं ०.२ मिमी इस्त्रीखाली चिकटतं किंवा तुटतं. खालचा तांब्याचा थर ‘मिरर’ (आरसा) पर्याय न लावता छापायचा, कारण कागद पालथा घालताना तो आपोआप उलटतो. ड्रिल मार्क (भोकाची खूण) ‘लहान’ ठेवा, म्हणजे भोकाचा बिट मधोमध बसतो.

मल्हारगंजकर:
चार भाग आणि एकच बोर्ड असेल तर झिरो बोर्डवरच (तयार भोकांच्या बोर्डवर) करा की! दोन्ही सॉफ्टवेअर शिकायचा त्रास वाचतो.

तांब्याची_रेघ:
पाच व्होल्टच्या सर्किटला हो. २३० व्होल्टच्या रिलेला नको, तिथे शेजारच्या भोकांत फक्त २.५४ मिमी. मेन्सच्या (२३० व्होल्टच्या) रेघा आणि रिलेची कॉइल यांच्यात निदान ६ मिमी ठेवा, जागा नसेल तर मधे खाच कापा.

मल्हारगंजकर:
बरं, रिलेपुरतं पटलं. बाकी ईझीईडीए सोडत नाही. फाइली मात्र दर वेळी उतरवून ठेवाव्यात, आठव्या आवृत्तीपासून किकॅड त्या उघडतं.

सराफ्यातला_सोल्डर:
उघडल्यावर ग्राउंडचा तांबा पुन्हा भरायला ‘बी’ दाबा, मग डीआरसी (रेघा-अंतरांच्या नियमांची तपासणी) चालवा आणि त्यानंतरच गर्बर (कारखान्याला द्यायच्या फाइली) काढा.