स्प्लिट एसी अजिबात सुरू होत नाही; पीसीबी (आतला इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) बदलण्यापूर्वी काय तपासावे?

प्रश्न (अकोलावासी)

नमस्कार. आमच्याकडे दीड टनाचा, इन्व्हर्टर नसलेला स्प्लिट एसी आहे. हिवाळाभर तो बंद होता. आता अकोल्यात पारा चाळिशीपार गेल्यावर लावायला घेतला, तर रिमोटचे बटण दाबूनही घरातल्या युनिटमधून ना आवाज येतो, ना त्यावरचा दिवा लागतो. रिमोटमध्ये नवे सेल घातले आहेत, एमसीबी (मीटरजवळचा आपोआप पडणारा स्विच) पडलेला नाही, स्टॅबिलायझरवर २१५ च्या आसपास आकडा दिसतो आणि सॉकेटमध्ये टेस्टरही पेटतो. पाहायला आलेल्या मेकॅनिकने झाकण न उघडताच पीसीबी गेल्याचे सांगितले. घरात वयस्कर आई आहे, दुपारच्या उन्हाचा तिला फार त्रास होतो, त्यामुळे जाणकारांनी लवकर मार्गदर्शन केल्यास उपकार होतील.

उत्तर (निवृत्त वायरमन)

लक्षणे वाचून माझा संशय पीसीबीपेक्षा, वीज जिथून तिथपर्यंत पोहोचते त्या वाटेवर जास्त आहे. बहुतेक स्प्लिट एसी सप्लाय मिळताक्षणी एक बीप देतात किंवा त्यांची झडप किंचित हलते, आणि त्यासाठी रिमोटची गरज नसते. म्हणून मेन स्विच बंद करून थोड्या वेळाने पुन्हा चालू करा आणि युनिटजवळ उभे राहून ऐका. त्यानंतर पुढचे पॅनेल उचलून आत असलेले छोटे इमर्जन्सी बटण दाबून पाहा. त्याने एसी चालू झाला, तर दोष रिमोटचा किंवा रिसीव्हरचा आहे. रिमोटचे टोक मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबल्यावर स्क्रीनवर जांभळट ठिणगी दिसली, तर रिमोट ठीक समजावा. बटण दाबूनही काहीच हालचाल नसेल, तर मात्र सप्लाय तपासलाच पाहिजे.

येथे दोन गोष्टींनी फसगत होते. पहिली म्हणजे टेस्टर. तो फक्त फेज (वीज आणणारी तार) दाखवतो. न्यूट्रल (परतीची तार) तुटलेला किंवा सैल असला तरी टेस्टर छान पेटतो आणि यंत्र मात्र निर्जीव राहते. दुसरी गोष्ट स्टॅबिलायझरच्या आकड्याची. बऱ्याच स्टॅबिलायझरवर दिसणारा आकडा आत येणाऱ्या व्होल्टेजचा असतो, त्यामुळे आतला रिले (आपोआप चालणारा स्विच) जळून बाहेर शून्य व्होल्ट जात असले, तरी आकडा तसाच दिसत राहतो. इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर घेऊन बोलवा आणि स्टॅबिलायझरच्या आउटपुटवर फेज व न्यूट्रल यांच्यामध्ये किती व्होल्ट मिळतात ते मोजायला सांगा. हे मोजल्याशिवाय पीसीबीचा एक रुपयाही देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर (पीसीबी दुरुस्ती करणारा, नागपूर)

वरील सल्ल्याशी पूर्ण सहमत आहे. एसीपर्यंत व्होल्टेज नीट पोहोचत असूनही युनिट निर्जीव असेल, तर पीसीबीवरचा काचेचा फ्यूज आणि त्याच्या शेजारचा, चकतीच्या आकाराचा व्हॅरिस्टर आधी तपासावा लागतो. व्होल्टेज अचानक चढले की व्हॅरिस्टर स्वतः जळून फ्यूज उडवतो आणि बाकीचा बोर्ड वाचवतो. हे दोन्ही भाग अगदी स्वस्त आहेत. मात्र नुसता फ्यूज बदलून मोकळे होऊ नये. ब्लोअरची मोटर शॉर्ट असेल तर नवा फ्यूजही लगेच उडतो आणि नवा बोर्ड लावला तर तोही जातो, म्हणून मोटर तपासून घेण्याचा आग्रह धरा. पावसाळ्यात पाली आणि मुंग्या बोर्डवर शिरून शॉर्ट होण्याचे प्रकारही मी नेहमी पाहतो.

प्रश्नकर्त्याचा खुलासा

दोघांचेही मनापासून आभार. इलेक्ट्रिशियनने मोजले तेव्हा आउटपुटवर व्होल्टेजच नव्हते. स्टॅबिलायझरच्या मागची, वायरी जोडण्याची पट्टी उघडल्यावर न्यूट्रलचा स्क्रू सैल, वायरचे टोक काळे पडलेले आणि भोवतीचे प्लास्टिक वितळलेले दिसले. त्याने वायर चकचकीत तांबे लागेपर्यंत मागे कापली, लग (वायरच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) लावला आणि पट्टी नवी बसवली. घरातले युनिट सुरू झाले आहे. परंतु संध्याकाळी बाहेरच्या युनिटमधून घूं असा आवाज येतो, काही सेकंदांत टक् होऊन तो बंद पडतो आणि हवा गार होत नाही.

उत्तर (निवृत्त वायरमन)

न्यूट्रल सापडला हे उत्तम झाले. दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर घेतो, आणि तेवढा करंट सैल जॉइंटमधून जात राहिला की तो तापतो. आता उरलेला दोष वेगळा आहे. घूं करून बंद पडणे म्हणजे कॉम्प्रेसर फिरू पाहतो पण उचलत नाही, आणि ओव्हरलोड (जास्त करंटने तापल्यावर उघडणारा संरक्षक स्विच) त्याची वीज तोडतो. याची नेहमीची कारणे दोन: अशक्त झालेला कपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला जोर देणारा भाग) आणि संध्याकाळी पडणारे व्होल्टेज. मोटरची फिरवण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० च्या जागी १८० व्होल्ट मिळाले, तर ताकद सुमारे ६१ टक्केच उरते. म्हणून आता आउटपुटवरचे व्होल्टेज कॉम्प्रेसर उचलत असतानाच मोजायला सांगा, तो बंद असताना नव्हे.

व्होल्टेज ठीक निघाले, तर कपॅसिटर मीटरवर तपासून, त्यावर छापलेल्या मायक्रोफॅरड आकड्याचाच आणि व्होल्टेज रेटिंग तेवढेच किंवा अधिक असलेला नवा घ्या. हे काम स्वतः करू नका, कारण मेन बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जोराचा झटका देण्याइतका चार्ज उरलेला असू शकतो. तोपर्यंत एसी पुन्हा पुन्हा चालू करून पाहणे थांबवा. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात कॉम्प्रेसरचे वाइंडिंग तापते. आईंसाठी दुपारी नुसत्या फॅन मोडवर घरातले युनिट चालवायला हरकत नाही, कारण त्या मोडमध्ये बाहेरचा कॉम्प्रेसर सुरूच होत नाही.