मदत हवी आहे: फुफ्फुसाच्या कर्करोगाची गाठ पूर्ण निघाली, तरी अहवालातील ‘आक्रमणा’च्या नोंदींमुळे पुढचे उपचार बदलतात का?

नमस्कार.

माझ्या आईच्या उजव्या फुफ्फुसाचा वरचा खंड गेल्या महिन्यात शस्त्रक्रियेने काढला. तिचे वय ६३ आहे. तंबाखूशी तिचा कधीच संबंध आलेला नाही, मात्र गावी अनेक वर्षे तिने चुलीपुढे स्वयंपाक केला आहे. खोकला हटेना म्हणून सुरुवातीला, थुंकीत जंतू सापडलेले नसतानाही, क्षयाची औषधे दिली गेली आणि त्यात वेळ गेला. पुढे सीटी स्कॅन व बायॉप्सी झाल्यावर अडेनोकार्सिनोमाचे, म्हणजे फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या एका प्रकाराचे, निदान झाले.

गाठ पूर्ण निघाली आहे, कापलेल्या कडा स्वच्छ आहेत आणि तपासलेल्या एकाही लसिकाग्रंथीत कर्करोग नाही, असे सर्जननी सांगितल्यावर घरात सर्वांना हायसे वाटले. त्यानंतर हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेल्या ऊतीच्या सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीचा, अहवाल हाती आला आणि त्यातील काही ओळींनी मी अस्वस्थ झाले आहे. गाठीचा एकूण आकार २.८ सेंमी, पण ‘आक्रमक भाग’ २.२ सेंमी असे वेगळे लिहिले आहे. फुफ्फुसावरील आवरणात, म्हणजे व्हिसरल प्लुरामध्ये, शिरकाव असून त्यापुढे ‘पीएल १’ अशी नोंद आहे. ‘स्टास’ आढळला आहे. शेवटी टप्पा ‘पीटी२ए एन०’ असा दिला आहे (टी म्हणजे गाठ, एन म्हणजे लसिकाग्रंथी).

माझ्या समजुतीप्रमाणे तीन सेंटिमीटरपर्यंतची गाठ टी१ मध्ये मोडते. मग आईची गाठ टी२ मध्ये कशी गेली? सारे काही काढून झाले असेल, तर ती कुठवर शिरली होती याने आता काय फरक पडतो? केमोथेरपीबाबत आम्हाला दोन ठिकाणी दोन वेगळी मते मिळाली आहेत. ऑन्कॉलॉजिस्टची भेट पुढील आठवड्यात आहे. तिथे नेमके काय विचारावे, हे जाणकारांनी सांगितल्यास फार मदत होईल.

प्रतिसाद

ताई, मी हिस्टोपॅथॉलॉजीत काम करतो. आपल्या आईंच्या काचपट्ट्या मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे पुढील मजकूर अहवाल समजून घेण्यापुरताच घ्यावा. उपचारांचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांशी बोलूनच व्हावा.

वायुकोशांना आतून अस्तरासारख्या असणाऱ्या पेशी एका अतिशय पातळ पटलावर बसलेल्या असतात. अडेनोकार्सिनोमाच्या पेशी पुष्कळदा आधी या पटलाच्या वरच्या अंगाने, पावसाळ्यात भिंतीवर शेवाळ धरावे तशा, वायुकोशांची रचना न मोडता पसरत जातात. या वाढीला लेपिडिक म्हणतात आणि सीटी स्कॅनवर ती सहसा धुरकट डागासारखी दिसते. पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारी ई-कॅडहेरिनसारखी प्रथिने कमी झाली, मेटॅलोप्रोटिनेज नावाची विकरे पटल विरघळवू लागली आणि पेशी खालच्या तंतुमय ऊतीत उतरल्या, की खरे आक्रमण सुरू होते. त्या ऊतीत रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या असतात, म्हणून शरीरात दूर जाण्याची वाट पेशींना तिथे मिळते. याच कारणाने कर्करोगाचे टप्पे ठरवणाऱ्या टीएनएम वर्गीकरणाच्या आठव्या आवृत्तीपासून अशा गाठीचा टी ठरवताना लेपिडिक भाग वगळून फक्त आक्रमक भाग मोजतात.

त्या मोजमापावर आईंची गाठ टी१सी झाली असती. ती टी२ए झाली प्लुरामुळे. या आवरणात लवचिक तंतूंचा एक थर असतो. पेशींनी तो ओलांडला की पीएल १, त्या आवरणाच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचल्या की पीएल २, आणि यांपैकी काहीही आढळले तर लहान गाठही टी२ए धरली जाते. ग्रंथी स्वच्छ असल्याने एकूण टप्पा १बी होतो. साध्या रंजनात हा थर कधी कधी नीट दिसत नाही. लवचिक तंतू उठून दिसावेत म्हणून करतात ते इलॅस्टिक रंजन केले होते का, हे अवश्य विचारा, कारण आईंचा टप्पा या एका थरावर ठरलेला आहे.

स्टास म्हणजे गाठीच्या कडेपलीकडील वायुकोशांच्या पोकळीत सुट्या पेशी किंवा त्यांचे पुंजके सापडणे. नमुना कापताना सुरीबरोबर पेशी ओढल्या गेल्यानेही असे दिसू शकते, हा आक्षेप जुना आहे आणि तो सरसकट फेटाळता येत नाही. तरीही अशा रुग्णांत रोग परतण्याचे प्रमाण अधिक आढळते, विशेषतः खंडाचा लहानसा भागच काढला असेल तर. आईंचा पूर्ण खंड काढला आहे, ही जमेची बाजू आहे.

आता आपला मुख्य प्रश्न. स्वच्छ कडा एवढेच सांगतात की त्या जागी दिसण्याजोगे काही उरलेले नाही. शस्त्रक्रियेपूर्वीच काही पेशी निसटल्या असतील, तर त्या पेट स्कॅनमध्येही दिसत नाहीत. आक्रमणाच्या नोंदींवरून ती शक्यता किती, याचा अंदाज बांधतात. १बी टप्प्यात केमोथेरपी सरसकट देत नाहीत, धोक्याच्या खुणा पाहून विचार करतात. आपल्याला दोन मते मिळाली ती बहुधा यामुळेच.

माझ्या मते त्याहून आधीचा प्रश्न ईजीएफआर तपासणीचा आहे. धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांच्या अडेनोकार्सिनोमात या जनुकातील बदल विशेष आढळतो. शस्त्रक्रिया झालेल्या १बी ते ३ए टप्प्यांतील आणि हा बदल असलेल्या रुग्णांना अडॉरा या चाचणीत ओसिमर्टिनिबची गोळी तीन वर्षे दिली गेली. पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण गोळी घेणाऱ्यांत ८८ टक्के, तर न घेणाऱ्यांत ७८ टक्के होते. आईंची ही तपासणी झाली आहे का?

धागाकर्ती

मनापासून आभार. अहवालात ईजीएफआरचा कुठेही उल्लेख नाही. त्यासाठी आईची पुन्हा बायॉप्सी करावी लागेल का? तिला आता आणखी सुया टोचायला मन धजत नाही.

प्रतिसाद

नाही, त्याची गरज पडू नये. काढलेल्या गाठीचे तुकडे मेणाच्या ब्लॉकमध्ये जपून ठेवलेले असतात आणि तपासणी त्यांवरच होते. पॅथॉलॉजी विभागात लेखी अर्ज देऊन ब्लॉक व काचपट्ट्या मागा. त्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवल्यास प्लुराचा प्रश्नही त्याच फेरीत सुटेल. बदल सापडला, तर गोळीचा खर्च आणि रुग्णसहाय्य योजना यांबद्दल पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारा, कारण औषध महाग आहे आणि ते दीर्घकाळ घ्यायचे असते. बदल नसला, तर केमोथेरपीचा विचार आईंची प्रकृती आणि श्वासाची क्षमता पाहून व्हावा. दोन्ही परिस्थितींत पहिली दोन-तीन वर्षे साधारण दर सहा महिन्यांनी सीटी स्कॅन करतात. त्याच्या तारखा याच भेटीत ठरवून घ्या.