क्रानाख बापलेक: चित्रकार की कारखानदार?

सांजरंग: क्रानाख म्हणजे सोळाव्या शतकातले जर्मनीतल्या सॅक्सनीचे दरबारी चित्रकार, बाप लुकास थोरला, मुलगा लुकास धाकटा. काल एका ग्रुपवर वाचलं, "क्रानाख घराणं म्हणजे छापखाना, एकच चेहरा साठ वेळा काढणारे कसले दरबारी चित्रकार." डोकंच फिरलं. अहो, साठ चित्रं नाही, साठ जोड्या! १५३२ मध्ये योहान फ्रेडरिक सॅक्सनीच्या गादीवर आला तेव्हा काका आणि वडील दोघंही गेलेले, धर्मसुधारक ल्यूथरला सांभाळणारं घराणं, कॅथलिक बादशहा विरोधात, म्हणून त्याने दोघांची छोटी चित्रं करून घेतली, खाली छापील कविता चिकटवून. एवढ्या कामाला वर्कशॉप लागणारच ना? म्हणून लुकास थोरल्याचा हात खोटा ठरतो का?

जुनापेठकर: हो, ठरतो. औषधाचं दुकान, दारूचा परवाना, वर त्यांच्या विटेनबर्ग गावाचं नगराध्यक्षपद, ब्रश कधी धरत होते? तोंडात अंगठी धरलेला पंखवाला साप १५०८ ला दरबाराकडून चिन्ह म्हणून मिळाला, तोच बापाच्या, पोरांच्या, कामगारांच्या चित्रावर. ही सही नाही, शिक्का आहे. आमचे आजोबा गेले तेव्हा स्टुडिओवाल्याने ग्रुप फोटोतून चेहरा उचलून मोठा फोटो केला आणि जन्मभर धोतर-बंडीत वावरलेल्या माणसाला कोट-टाय चढवला! आजी त्या फोटोला हार घालायची नाही, म्हणायची हे कोण परके.

काळी_खोली: माझ्या वडिलांचा स्टुडिओ होता म्हणून लागलं. कोट लोकच मागायचे, खुंटीला एक काळा कोट कायम टांगलेला, कॉलर तेलकट झालेली. निगेटिव्हवर शिसपेन्सिलने डोळ्यांखालचं काळं घालवायला वडिलांना तासतास लागायचा. पुढे त्यांचे हात थरथरायला लागले, फोटो मी काढायचो, मागे शिक्का त्यांचाच. मी गिऱ्हाइकाला फसवलं का?

जुनापेठकर: आमच्या आजीला कुणी विचारलं होतं का कोटाचं?

काळी_खोली: तुमच्याच घरच्या कुणीतरी सांगितलं असेल! त्याचा राग आमच्या धंद्यावर का?

जुनापेठकर: घरच्यांवर जाऊ नका.

चष्मेवाली: कोट पुरे आता दोघांचा. साप नीट बघा. सुरुवातीला पंख वटवाघळाचे, उभे. १५३७ मध्ये थोरला मुलगा हान्स इटलीत बोलोन्याला वारला आणि त्याच सुमाराला पंख पक्ष्याचे झाले, मिटलेले. मुलाच्या दुःखाने, की कारभार धाकट्या लुकासकडे गेला म्हणून, यावर अभ्यासक भांडतात. मला दुःखच वाटतं. आणि १५४७ ला बादशहाविरुद्धच्या म्यूलबर्गच्या लढाईत योहान फ्रेडरिक पकडला गेला, तर १५५० मध्ये सत्तरी कधीच ओलांडलेला थोरला लुकास वर्कशॉप मुलावर सोडून कैदेतल्या धन्यामागे आउग्सबुर्गला गेला. १५५३ ला वाइमारमध्ये वारला. नुसता धंदा बघणारा असा जातो?

जुनापेठकर: धन्यामागे गेल्याचं मला माहीत नव्हतं. माणूस निष्ठेचा होता, मानलं. साठ जोड्यांचं माझं मत तेच आहे.

काळी_खोली: आणि कोट?

जुनापेठकर: कोट चुकलाच. काकांना विचारतो आज, कुणी सांगितला होता ते.