हनुवटीवरचे केस आणि झोपतानाची स्टिरॉइडची गोळी: सल्ला हवा आहे

शेवंती:
वय २९. तीन वर्षांपासून हनुवटीवर, जबड्याखाली राठ काळे केस येतात. रोज सकाळी चिमटा घेऊन आरशापुढे बसते, तरी संध्याकाळी बोट फिरवलं की खुंट टोचतात. पाळी मागेपुढे होते. डीएचईए-एस (मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींत तयार होणारं पुरुषी संप्रेरक) किंचित जास्त आलं म्हणून डॉक्टरांनी झोपताना डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिलंय. दोन महिने झाले, काडीचा फरक नाही. बंद करू का?

अबोली:
मनाने बंद करू नकोस गं! या गोळीमुळे एसीटीएच, म्हणजे अ‍ॅड्रिनलला कामाला लावणारं संप्रेरक, दबतं आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुस्तावतात. गोळी अचानक थांबवली आणि त्यात ताप-उलट्या झाल्या, तर आजारपणाचा ताण पेलायला लागणारं कॉर्टिसॉल गरजेपुरतं तयार होत नाही. डॉक्टरांनाच विचारून कमी कर.

डीएचईए-एस थोडं वाढलेलं पीसीओएसमध्येही (पाळी बिघडवणारा संप्रेरकांचा त्रास) दिसतं. १७-ओएच प्रोजेस्टेरॉन ही रक्ततपासणी केलीस का? अ‍ॅड्रिनलमधल्या एका एन्झाइमची जन्मजात कमतरता त्यात कळते. पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत, सकाळी लवकर रक्त देतात. माझं डेसिलिटरला २०० नॅनोग्रॅमच्या वर आलं, मग एसीटीएचचं इंजेक्शन देऊन तासाभराने पुन्हा रक्त घेतलं. ते १००० च्या पुढे गेलं, तेव्हा कुठे त्या एन्झाइमची, २१-हायड्रॉक्सिलेजची, सौम्य कमतरता ठरली. तुझी गोळी चालू असताना हा आकडा खाली दबलेला येईल, हे आधी सांग.

आणि निदान होऊनही मला केसांसाठी स्टिरॉइड दिलं नाही. आधी गर्भनिरोधक गोळ्या, सहा महिन्यांनी जोडीला पुरुषी संप्रेरकांचा परिणाम रोखणारं स्पायरोनोलॅक्टोन. आलेला जाड केस औषधाने गळत नाही, पुढचा बारीक येतो. म्हणून सहा महिने धीर धरावाच लागतो. तोवर मी लेझर केलं, त्यात कमीपणा काही नाही.

जास्वंद:
केस अचानक, झपाट्याने वाढले किंवा आवाज घोगरा झाला तर मात्र थांबू नकोस. गाठ नाही ना, हे आधी बघतात.

शेवंती:
तसं काही नाही. १७-ओएच केलेलंच नाही! उद्याच फोन करते. पण पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे...

अबोली:
मग हे पहिल्याच वाक्यात सांग. स्पायरोनोलॅक्टोन गरोदरपणात चालत नाही, मुलगा असेल तर त्याच्या लैंगिक अवयवांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. आणि तुझं निदान माझ्यासारखंच निघालं, तर ते आनुवंशिक असतं, म्हणून नवऱ्याचीही जनुकीय तपासणी करून घ्या. आम्ही केली होती.